विहिरीचं पाणी घेऊन सुरतला

अंधाऱ्या पाण्यात दिसणारा कॅमेरा कसा घ्यायचा, हे गावात आतापर्यंत चार-पाच जणांनी मला विचारलं. कुणाची मोटर विहिरीत पडलीय, कुणाच्या बोअरमध्ये पाइप अडकलाय. प्रत्येकाला तोंडी सांगून माझा घसा दुखला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला. पन्नास वर्षं हातात थापी धरली, पेन क्वचित. घरी आम्ही अहिराणी बोलतो, पण कागद पुढे आला की शाळेतलीच मराठी येते. ज्याला गोड वाचायचं असेल त्याने दुसरं काही वाचावं.

मी सुरतला कशाला गेलो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा धंदा विहिरी बांधायचा. आमच्या तालुक्यात मी बांधलेल्या विहिरी मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. माझ्या स्वतःच्या विहिरीत माझी बायको इंदू गेली. गेल्या राखीच्या आधी चार दिवस. मोटर पाणी ओढत नव्हती, म्हणून फुटबॉलच्या, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेच्या, जाळीत अडकलेलं शेवाळ काढायला ती खाली उतरली आणि पाय सटकला, असं मी म्हणतो. पोलिसांनीही तसंच लिहिलं. गाव काय म्हणतं ते माझ्या तोंडावर कुणी बोलत नाही. पण त्या सकाळी आमचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. तिला राखीला भावाकडे सुरतला जायचं होतं आणि मी नको म्हणालो होतो.

चैत्रात पाणी खाली गेलं तेव्हा मी विहिरीत वाकून पाहिलं. आमच्या विहिरीला जिना नाही. भिंतीतून लांब दगड बाहेर काढलेले आहेत, त्यांवर पाय ठेवत उतरायचं. त्यातला पाचवा दगड जागेवर नव्हता.

आता तो पडला कधी? त्या दिवशी इंदूच्या पायाखालून गेला, की आधीच पडलेला होता? आधीच पडलेला असेल तर तिला ते माहीत असणार, रोजचं उतरणं तिचं. मग ती त्या बाजूने उतरलीच नसती. मग ती कशी गेली, हा प्रश्न मला गिळून बसला होता. माझे गुडघे गेलेले, ती गेली त्याआधी दोन-तीन महिने मी विहिरीत उतरलोच नव्हतो. इंदू गेली त्याच्या आठवडाभर आधी नाल्याचा पूर विहिरीत शिरला होता आणि तळाला लाल माती बसली होती. माझा हिशोब असा, की दगड लाल मातीच्या वर असेल तर तो तिच्यासोबत पडला. मातीखाली असेल तर आधीचा.

विहीर उपसता येत नाही, झरे जबर आहेत. पाणबुड्या आणला होता, तो म्हणाला, तळाला हाताला दगडच दगड लागतात, दिसत काहीच नाही. म्हणून कॅमेरा.

नंदुरबारहून उधना

दुकानदार लोकांवर माझा विश्वास नाही. ते कॅमेरा काचेच्या हंडीत बुडवतात, आत नळाचं पाणी असतं आणि माणसाच्या बोटावरच्या रेषासुद्धा दिसतात. घरी आणला की अंधार. म्हणून मी तेलाचा पाच लिटरचा डबा धुतला आणि त्यात विहिरीचं पाणी भरलं, तळाच्या गाळासकट. बादलीला दगड बांधून खाली सोडली, वर ओढली, तीन वेळा. झाकणाखाली प्लास्टिक लावलं.

गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाईने नवापूरपर्यंत वाट पाहिली, मग विचारलं, "बाबा, गंगाजल का?"

"विहिरीचं."

"कुठल्या देवाच्या?"

"माझ्या."

ती सरकून बसली. बरं झालं, पाय लांब करायला जागा झाली. बारडोलीनंतर चलथाणच्या साखर कारखान्याचा वास आला, जळक्या गुळासारखा, आणि लोक सामान काढू लागले. मी डबा दोन्ही हातांनी धरला. उधन्याच्या फलाटावर गर्दीत हात मारणारे असतात. माझ्या डब्याला कुणी हात लावला नाही, पण लावणार होते.

नवागाम

उतरलो सुकलालकडे. सुकलाल म्हणजे इंदूचा धाकटा भाऊ. तीस वर्षं पॉवरलूमवर काढली त्याने, त्या खडखडाटात कान निम्मे गेले. त्यांच्या गल्लीत सगळेच तसे. शेजारणी मीठ मागतात ते आमच्याकडे बैल हाकतात त्या आवाजात. समोरचा बोलला की हे लोक त्याच्या ओठांकडे पाहतात. पहिल्यांदा गेलेल्याला वाटतं, आपल्या दातात काही अडकलंय.

सुकलालबद्दल माझ्या मनात गाठ होती, ती लपवत नाही. इंदूच्या दहाव्याला तो नदीवर सगळ्यांसमोर बोलला होता, "आक्काले पवता येत व्हतं." एवढंच बोलला आणि माझ्याकडे पाहिलं. पोहता येणारी बाई विहिरीत बुडते कशी, असा त्याचा अर्थ मी घेतला. दुसरा अर्थ असतो का? त्यानंतर आठ महिने त्याचा पाय माझ्या घराला लागला नव्हता. मग त्याच्याचकडे का उतरलो? सुरतेत दुसरं कोण आहे माझं. आणि खरं सांगायचं तर तो काय लपवतोय तेही मला पाहायचं होतं.

त्याला मी सांगितलं, मोटर विहिरीत पडलीय.

त्याची बायको कमल डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेवेची भाजी. सुरतेत राहून तिच्या हाताची चव बदललेली नाही, फक्त भाजीत चिमूटभर साखर पडते. मी म्हणालो, "गुजराती झालीस."

"नही ना दाजी, पोरंस्ले तशीच आवडस," ती ओरडून म्हणाली. रागावली नव्हती, बोलणंच तसं.

सकाळी उठलो तर डबा हलका. कमलने वरचं निम्मं पाणी ओट्यावर ओतून ओटा झाडला होता. माझ्या तोंडून काय निघालं ते इथे लिहीत नाही. ती बिचारी हातात झाडू घेऊन उभी.

"दाजी, घान पानी व्हतं. वास मारे. मी म्हंतलं तेलना डबा धवासाठे भरेल शे."

"त्या पाण्यात…" मी म्हणालो आणि पुढे बोलता आलं नाही. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. बहुतेक तिला न बोललेलंही दिसलं. तिने ओल्या ओट्यावरून पाय मागे घेतला.

गाळ मात्र डब्यात तळाला राहिला होता. झाकण लावून डबा मी माझ्या उशाशी नेऊन ठेवला.

दुकानं

सुकलालची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून दिवसा तो माझ्याबरोबर आला. झोप सोडून आला. मला वाटलं, नजर ठेवायला येतोय.

पहिलं दुकान नानपुऱ्यात, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं. आत थंडगार. पोरगेलासा मालक, केसाला जेल. "बोलो काका, शुं जोईए?" मी सांगितलं, काळ्या पाण्यात, चाळीस हात खोल. त्याने एक मोठा कॅमेरा काढला, त्याला जाड प्लास्टिकची पेटी, दोन्ही बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे हात आणि टोकाला लाइट. म्हणाला, समुद्रात माशांचे फोटो काढणारे हाच घेतात.

"हा कोण धरणार?"

"डायव्हर, काका. हाथमां पकडीने."

"विहिरीत माणूस उतरवायचा असता तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

तो हसला. मी डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, यात बुडवून दाखव. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि सुकलालकडे पाहिलं, म्हणजे हा म्हातारा ठीक आहे ना, अशा अर्थाने. सुकलालने मोठ्याने सांगितलं, "दिखाओ ना भाई, उनका पानी है." दुकानातले सगळे वळले. पोरगा म्हणाला, शोरूमचा पीस आहे, ओला करता येत नाही. पाण्यातला कॅमेरा ओला करता येत नाही! मी उठलो.

बाहेर सुकलालने मला लोचो खाऊ घातला. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ वाफवतात, ते ना धड वडीसारखं ना धड घट्ट, वर लोणी आणि शेव. आमच्याकडे बाईचं पीठ असं फिसकटलं तर सासू बोलते, इथे त्याचं दुकान टाकून विकतात. चवीला बरं होतं. दोन प्लेट खाल्ल्या.

दुसरं दुकान उधन्याला, बोअरमध्ये सोडायच्या कॅमेऱ्याचं. मालक बनियनवर बसलेला, भिंतीला पाइप टेकवलेले. हा माणूस मला बरा वाटला, म्हणून मी जास्त सावध झालो. त्याचा कॅमेरा वांग्याएवढा, लांब वायर, वर छोटा पडदा. कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक बारीक दिव्यांची गोल माळ. माझी मागणी ऐकून त्याने स्वतःच बादली मागवली, नळाचं पाणी भरलं, डबा त्यात रिकामा केला आणि हाताने ढवळला. तळाशी नट टाकला. वाटलं, माणूस सरळ आहे.

कॅमेरा सोडला. पडदा पांढराफटक. पिठाच्या गिरणीत तोंडासमोर बॅटरी लावावी तसं. नट तर सोडाच, बादली दिसेना.

"लाइट वाढवा," मी म्हणालो.

त्याने वाढवला. अजून पांढरं. मी म्हणालो, अजून. तो म्हणाला, "काका, जितना लाइट, उतना धुआँ." मी ऐकलं नाही. अंधार आहे तर उजेड जास्त हवा, हे लहान पोरालाही कळतं. मला वाटलं, कमी दिव्यांचा जुना माल खपवतोय. भांडलो त्याच्याशी. त्याने बादली तिथेच ठेवून हात पुसले आणि म्हणाला, मग मगदल्ल्याला रमणभाईकडे जा, त्याचं आयुष्य काळ्या पाण्यात गेलं, माझ्याकडे जे आहे ते हे.

गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. यात काहीतरी कमिशन असणार, असं सुकलालला म्हणालो. सुकलालने बादलीतला गाळ न सांडता डब्यात परत भरला. गुडघ्यावर बसून, हाताने निपटून. मी नुसता पाहत राहिलो.

मगदल्ला

रमणभाई माझ्याच वयाचा. तापीवरच्या पुलांचे खांब पाण्याखाली तपासायचं काम त्याने जन्मभर केलं. आता मुलगे करतात. खाडीच्या काठाला त्याचं घर आणि मागे सिमेंटचं टाकं, त्यात भरतीचं पाणी घेतलेलं. रंग चहासारखा. हात मनगटापर्यंत घातला तर बोटं दिसत नव्हती.

मी त्याला उधन्याची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला.

"तमे पण ए ज भूल करी," म्हणाला आणि मग मोडक्या मराठीत, "सगळा माणूस हेच करते. लाइट वाढवते. पाणीमधे मिट्टी तरंगते ना? डोळा आणि लाइट एक जागेवर असेल तर लाइट मिट्टीवर पडते आणि सीधी डोळ्यामधे परत येते. लाइटला दूर ठेवा. बाजूने मारा."

त्याने तसाच वायरचा छोटा कॅमेरा काढला, पण भोवतीचे दिवे काळ्या टेपने बुजवलेले. एका हातभर लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या टोकाला वेगळा लाइट बसवला, तिरका. कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर जाड पारदर्शक प्लास्टिकचा डबा घट्ट बांधला, आत पिण्याचं स्वच्छ पाणी, हवेचा एक बुडबुडा नाही. म्हणाला, डबा वस्तूला जवळजवळ टेकवायचा. मधलं गढूळ पाणी डबा बाजूला सारतो, डोळा स्वच्छ पाण्यातून पाहतो.

त्याने टाक्यात सोडलं. पडद्यावर आधी तपकिरी, मग एकदम लोखंडाचा गंजलेला बोल्ट. आटे मोजता येत होते.

तरी मी माझा डबा टाक्याच्या कोपऱ्यात ओतायला लावला. तिथेही दिसलं. मग दोरी ओढून पाहिली, सांधे पाहिले, बॅटरी बदलायला लावली. तो कंटाळला नाही. मी विचारलं, "हे शिकवायचं काय घ्याल?" तो म्हणाला, "चहा प्या." याच्यावरही मी अर्धाच विश्वास ठेवला.

चहा पिताना त्याने विचारलं, "शोधायचं काय? मोटर मोठी असते, तिला एवढं नको."

"दगड," मी म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

"दगड? विहिरीमधे तर शंभर दगड. कोणता?"

मग सांगावंच लागलं. पाचवी पायरी. लाल माती. राखीच्या आधीचे चार दिवस. रमणभाईला सांगत होतो, पण सुकलाल समोर बसून माझे ओठ पाहत होता हे विसरलो. माझं संपलं तेव्हा त्याने कपातला चहा खाली ठेवला.

"दाजी," तो म्हणाला. हळू आवाजात. सुकलाल हळू बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. "त्या दिनले दुपारले आक्काना फोन उना व्हता."

"कुठून?"

"विहीरवरथीन. म्हने, जाळी साफ करस आन मंग राखीनी पिशवी भरस. दाजी नही म्हनी ऱ्हायनात, तरी मी येस. आन म्हने, पाचवा दगड हालस, तुना दाजीले दहा वखत सांगं, ऐकतस नही."

रमणभाई उठून आत गेला. शहाणा माणूस.

दगड हालतो. म्हणजे त्या दुपारी दगड जागेवर होता. ती विहिरीत कुणावर रुसून गेली नव्हती, पिशवी भरायची होती तिला. आणि दगड हालतो हे तिने मला खरंच सांगितलं होतं. उन्हाळ्यात. पायरीचा दगड दोन भाग भिंतीत आणि एक भाग बाहेर लागतो, हालायला लागला तर पूर्ण काढून नव्याने बसवायचा असतो. हे मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. माझ्या विहिरीत मी वरून सिमेंट लिंपलं आणि झालं म्हणालो. त्यानंतरही ती सांगतच राहिली.

पण माझा स्वभाव. मी म्हणालो, "आठ महिने का नाही बोललास?"

"काय बोलतू? तुमना हातना दगड. तुम्हले सांगतू तं तुम्ही त्याच विहीरमां उडी मारतात."

"दहाव्याला बोललास ते?"

त्याला आठवेना. मी आठवण करून दिली. म्हणाला, "मी तं रडी ऱ्हायंतू दाजी. लहानपने तिनीच माले पवाले शिकाडं."

मी थांबलो नाही. "तू अर्धा बहिरा. फोनवर तुला एवढं सगळं ऐकू आलं? की आता माझं ऐकून जोडतोयस, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?"

त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, फोन स्पीकरवर होता. मग डबा उचलून माझ्या आधी रस्त्याला लागला.

विहीर

सुकलाल दोन दिवसांची सुट्टी टाकून माझ्याबरोबर गावी आला. मी बोलावलं नव्हतं. रमणभाईने कॅमेरा आणि पट्टी बांधून दिली, काम झालं की परत धाडा म्हणाला. ज्यांना हवा असेल त्यांनी हेच करावं: छोटा कॅमेरा, त्याचे स्वतःचे दिवे बुजवावे, लाइट हातभर लांब आणि तिरका, समोर स्वच्छ पाण्याचा डबा. सोडताना घाई करू नये. तळाला टेकला आणि गाळ उठला की अर्धा तास बिडी प्यावी, मग पाहावं. मी आधी रोज सकाळी मोटर चालवायचो, ती आदल्या दिवशीच बंद ठेवली.

दोरी सुकलालने धरली, पडदा मी. पहिल्या खेपेला शेवाळ. दुसरीला तुटलेला माठ. तिसऱ्या खेपेला माझा दगड. माझी छिन्नी मी ओळखतो, टोकाला डावीकडून मारतो. दगड तुटला नव्हता, अख्खा निखळला होता आणि भिंतीत असायच्या टोकाला माझं सिमेंट चिकटलेलं होतं, बोटभर जाडीचं.

पण तो गाळात अर्धा रुतलेला होता. लाल माती खाली होती, वर होती, चारी बाजूंनी होती. वजनदार दगड मऊ गाळात बसतोच. आधी पडला की नंतर, हे मी तासभर पाहिलं. पन्नास वर्षं दगडात गेलेला माणूस मी, मला सांगता आलं नाही.

सुकलालने विचारलं, "काय दिखस?"

कॅमेऱ्यात होतं तेवढं दिसलं होतं. बाकीचं त्याच्याकडे होतं. दुपार झाली होती, काठावर ऊन आलं होतं. मी पडदा मांडीवर उलटा ठेवला आणि त्याला माझे ओठ दिसतील असा वळलो.

"आजून काय बोलनी व्हती ती फोनवर?"

त्याने दोरी हाताला गुंडाळली. "काही नही. हासनी आन फोन ठेई दिना."

"कोनवर हासनी?"

"तुमनावर, दाजी."